नीलगाय, घोडा आणि देवमाशाचा घोटा

बडोद्याच्या आसपास शेतात नीलगाय दिसली की कोणीतरी हमखास सांगतो, ‘ही घोड्याच्या जातीची.’ उतरती पाठ आणि चाल पाहून तसे वाटते खरे. पण ती गायी-म्हशींच्याच कुळातली. काळवीटही गायीला तिच्याइतके जवळचे नाही. घोड्याचे जवळचे नातलग म्हणजे गेंडा आणि टॅपिर, म्हणजे आखूड सोंडेचा डुकरासारखा दिसणारा प्राणी.

शाळेत खुरे मोजायला शिकवतात: गाय दोन, घोडा एक. टॅपिरपाशी हे गणित फसते. तो विषमखुरी, म्हणजे घोड्याच्या घराण्यातला, तरी त्याच्या पुढच्या पायांना चार-चार बोटे. पाहायचे ते भार कुठून जातो हे. घोडा, गेंडा, टॅपिर यांच्यात तो मधल्या, म्हणजे तिसऱ्या बोटातून जातो. गाय, डुक्कर, उंट यांच्यात तिसऱ्या-चौथ्याच्या मधून. (काळ्या घोड्याची नाल दाराला ठोकून शनी पळवणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की ती एका बोटाच्या नखाला ठोकलेली पट्टी आहे.)

त्याहून पक्की खूण घोट्यात आहे. बोकडाच्या मागच्या पायात जो ‘उलटा गुडघा’ दिसतो, तोच घोटा. मटणवाल्याकडून हा सांधा अखंड मागा, नाहीतर सुरा नेमका घोट्याच्या हाडावरच पडतो. पुढच्या पायात ते सापडणारच नाही. कुकरमध्ये मऊ शिजवून मांस सोडवले की तीनेक सेंटीमीटरचे हाड हाती येते. त्याच्या दोन्ही टोकांना कप्पी असते: वरची नडगीच्या हाडाशी फिरते, खालची पावलाकडच्या हाडांशी. त्यामुळे पाय एकाच रेषेत दोन ठिकाणी दुमडतो आणि आडवा फारसा वळत नाही. ही दुहेरी कप्पी म्हणजेच गाय, बोकड, डुक्कर, उंट यांच्या घराण्याची खूण. घोड्याच्या याच हाडाला वर खोल, तिरपी कप्पी असते, पण खालचे टोक जवळजवळ सपाट.

बडोद्याच्या कमाटीबागेतल्या संग्रहालयात 1944 साली मही नदीच्या मुखाशी सापडलेल्या निळ्या देवमाशाचा 71 फुटी सांगाडा आहे. देवमासा गायीच्या घराण्यातला की नाही हे घोट्यावरून ठरवावे, तर त्याला मागचे पायच नाहीत, मग घोटा कुठला? तो पाकिस्तानात मिळाला. बलुचिस्तानातल्या सुमारे 4.7 कोटी वर्षांपूर्वीच्या पाय असलेल्या देवमाशांचे जीवाश्म 2001 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यांच्या घोट्यात दोन कप्प्यांचे तेच हाड निघाले! तोवर दातांवरून अनेक जीवाश्मतज्ज्ञ देवमाशाला मेसोनिकिड नावाच्या मांसाहारी खुरवाल्यांचा वंशज मानत. डीएनए मात्र आधीपासूनच पाणघोड्याकडे बोट दाखवत होता. पाणघोडा डुकराहून देवमाशाला जवळचा, हे आज पक्के झाले आहे.

हत्ती घोड्याच्या आणि गायीच्या, या दोन्ही घराण्यांत बसत नाही. त्याचे नाते कच्छच्या आखातातल्या डुगाँग या समुद्री सस्तन प्राण्याशी.