होलांचा क्रम (गोल्फ)

गोल्फच्या मैदानावरचे होल (पहिला फटका मारायच्या जागेपासून चेंडू घालायच्या खड्ड्यापर्यंतचा एकेक टप्पा) कोणत्या ओळीने खेळायचे, याची ठरलेली मांडणी. पूर्ण फेरी १८ होलांची असते आणि ती स्पर्धा समितीने लावून दिलेल्या क्रमानेच खेळायची, असे नियमांतल्या फेरीच्या व्याख्येतच म्हटले आहे. मैदान आखणाऱ्याचे खरे कसब इथेच दिसते. जमीन, वारा, ऊन आणि खेळणाऱ्याचे मन या चौघांना त्याला एकाच वाटेवर आणायचे असते.

विदर्भातल्या खेड्यापाड्यांत गोल्फ पाहिलेला माणूस विरळा, पण क्रमाचे महत्त्व इथे नव्याने सांगावे लागत नाही. एप्रिलात वखर जुंपणारा गडी आधी नाल्याकडचा लांबचा, ढेकळांचा तुकडा धरतो आणि ऊन चढेल तसा विहिरीजवळच्या निंबाकडे सरकत येतो. बैल तेच, वावर तेवढेच. पण उलट्या टोकाने सुरुवात केली तर अकराच्या सुमारास जनावर धापा टाकते आणि सगळ्यात जड तुकडा अजून तसाच पडलेला असतो.

गोल्फपुरते हे समजून घ्यायचे असेल, तर पऱ्हाट्या उपटून मोकळ्या झालेल्या वावरात सहा डबे पुरावेत आणि पोरांना काठी-चेंडू देऊन दोन फेऱ्या खेळायला लावाव्यात. एक डबा नाल्याच्या पल्याड ठेवायचा. पहिल्या फेरीत तो पहिला घ्यायचा, दुसऱ्या फेरीत शेवटचा. पहिला असतो तेव्हा चेंडू नाल्यात गेलेला पोरगा हसत खाली उतरतो. पुढे अजून पाच डबे आहेत. शेवटचा असतो तेव्हा सगळे बोटांवर एकमेकांचे फटके मोजू लागतात. एका फटक्याने पुढे असलेला धुऱ्याधुऱ्याने वळसा घालून चेंडू नेतो, मागे पडलेला सरळ नाल्यावरून मारतो. नाला दोन्ही वेळा तेवढाच रुंद असतो.

मांडणीच्या दोन जुन्या तऱ्हा आहेत. एक नांगराच्या तासासारखी: वावराच्या या टोकाहून त्या टोकाला जायचे आणि वळून परत यायचे. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचे ओल्ड कोर्स असे आहे. तिथे पूर्वी अकरा होल जाताना आणि तेच अकरा येताना, अशी २२ होलांची फेरी होती. १७६४ साली पहिल्या चार होलांचे जोडून दोन केले. परतीलाही तीच जागा लागत असल्याने २२ चे १८ झाले आणि पुढे हाच आकडा जगभर रूढ झाला. जाण्या-येण्याची खूण त्या मैदानावर आजही आहे. तिथल्या सात मोठ्या ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, दोन-दोन होल आहेत आणि अशा प्रत्येक जोडीची बेरीज १८ भरते: दुसरा व सोळावा, तिसरा व पंधरावा, असे आठव्या व दहाव्यापर्यंत. गुणपत्रिकेवर पहिल्या नऊ होलांना ‘आउट’ आणि पुढच्या नवांना ‘इन’ म्हणतात, तेही या जाण्या-येण्यावरूनच.

अशा मैदानावर वाऱ्याचा हिशेब सरळ असतो. जाताना पाठीशी असलेला वारा येताना तोंडावर येतो. स्कॉटलंडमधल्या रॉयल ट्रूनवर नेहमीचा वारा असला की पहिल्या नवांत जे कमवायचे ते कमवून घ्यायचे आणि परतीला ते राखायचे, अशीच फेरी होते.

दुसरी तऱ्हा खळ्यातल्या फेऱ्यासारखी. स्कॉटलंडमधल्याच म्युरफील्डवर पहिले नऊ होल बाहेरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात आणि पुढचे नऊ आतून उलट्या दिशेने. त्यामुळे वारा सतत कूस बदलतो. एका होलवर जमलेला अंदाज पुढच्या होलवर तसाच्या तसा चालत नाही. मला ही मांडणी अधिक न्यायाची वाटते.

आखणीचे काही संकेत अगदी व्यवहारातले आहेत. सकाळी सुरू होणारे होल पूर्वेकडे आणि संध्याकाळी संपणारे पश्चिमेकडे तोंड करून शक्यतो ठेवत नाहीत, नाहीतर चेंडू उन्हात हरवतो. सुरुवातीलाच तीन फटक्यांचा, म्हणजे पार तीनचा होल टाळतात. तिथे ग्रीन मोकळे होईपर्यंत मागच्यांना थांबावे लागते आणि पहाटेच गर्दी तुंबते. तरी इंग्लंडमधल्या रॉयल लिदम अँड सेंट अ‍ॅन्सची सुरुवात पार तीननेच होते.

क्रम बदलल्याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनलचे. १९३४ साली तिथली पहिली स्पर्धा झाली तेव्हा आजचे मागचे नऊ होल आधी खेळले गेले. १९३५ च्या स्पर्धेआधी दोन्ही नवांची अदलाबदल झाली. सखल, सावलीच्या भागात सकाळचे हिमकण उशिरापर्यंत टिकत आणि खेळ खोळंबत असे, हे त्याचे कारण सांगतात. आपल्याकडे दव सुकेपर्यंत कापूस वेचायला हात लावत नाहीत, त्यातलाच हा शहाणपणा. पण परिणाम त्याहून मोठा झाला. त्याच वर्षी अमेरिकन खेळाडू जीन सॅराझेनने पंधराव्या होलवर, पार पाचच्या होलवर, सुमारे २३५ यार्डांवरून दुसऱ्याच फटक्यात चेंडू होलमध्ये घातला. प्रतिस्पर्धी क्रेग वूडची तीन फटक्यांची आघाडी एका झटक्यात भरून निघाली आणि दुसऱ्या दिवशीच्या ३६ होलांच्या निर्णायक सामन्यात सॅराझेन जिंकला. आदल्या वर्षीच्या क्रमाने हाच होल सहावा होता. सहाव्यावर हा फटका बसला असता तर सॅराझेनपुढे अजून बारा होल उरले असते. आज ‘आमेन कॉर्नर’ म्हणून धास्तीचे ठरलेले ११, १२ आणि १३ हे होलही तेव्हा दुसरे, तिसरे आणि चौथे होते.

होल जिंकत जायच्या प्रकारात, म्हणजे मॅच प्लेमध्ये, अडचण वेगळी. उरलेल्या होलांपेक्षा आघाडी जास्त झाली की सामना तिथेच संपतो, त्यामुळे शेवटचे होल पुष्कळदा खेळलेच जात नाहीत. अमेरिकेतील क्वेल हॉलोवर २०२२ चा प्रेसिडेंट्स कप ही मॅच प्लेची सांघिक स्पर्धा झाली तेव्हा म्हणून क्रम फिरवला. एरवी १६, १७, १८ असलेले तिथले अवघड होल त्या स्पर्धेत १३, १४, १५ झाले.

सेंट अँड्र्यूजवर पूर्वी उलट्या दिशेनेही खेळत. पहिल्या टीवरून (होलचा पहिला फटका मारायच्या जागेवरून) मारायचे ते सतराव्या ग्रीनकडे, अठराव्या टीवरून सोळाव्या ग्रीनकडे. माती, वाळूचे खड्डे आणि ग्रीन सारे तेच. मात्र एका दिशेने जाताना समोर दिसणारा खड्डा दुसऱ्या दिशेने येताना उंचवट्याआड दडलेला असतो.