जुना जपानी कॉम्प्युटर घरी आलाय? थांबा, लगेच चालू करू नका

बॉक्स उघडला की पहिला हात प्लगकडेच जातो, आमचाही गेला होता म्हणून सांगतोय. जपानमध्ये घरातली लाइट १०० व्होल्टची, आपल्याकडे २३०. बाजारातला साधा पिन-कन्व्हर्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज आहे तेवढंच राहतं, आणि आमचं पहिलं मशीन असंच एकदा फट् करून गेलं ते गेलंच. २३० चे १०० करणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरच पाहिजे. अमेरिकन वस्तूंसाठीचा ११० वाला चालतो म्हणतात, पण पस्तीस-चाळीस वर्षांच्या म्हाताऱ्याला वरचे दहा व्होल्ट कशाला पाजायचे? हर्ट्झचं, म्हणजे विजेच्या फ्रिक्वेन्सीचं, टेन्शन नको, आपल्याकडे ५० आहे आणि जपानमध्येही टोकियोकडे ५०, ओसाकाकडे ६० आहेच.

पहिलं मशीन कुठलं घ्यायचं? येणाऱ्या प्रत्येकाला शार्पचा एक्स६८००० हवा असतो. साहजिक आहे, १९८७ सालचं मशीन, दोन उभे टॉवर, ६५,५३६ रंग, आणि सोबत ग्रेडियस गेम फुकट यायचा. पण आम्ही विकत असूनही सांगतो की सुरुवात त्याच्यापासून नको. त्यातले कपॅसिटर, म्हणजे बोर्डावरचे वीज साठवणारे छोटे डबे, गळतात, ते आतलं पाणी बोर्डावरची तांब्याची रेघ खातं, आणि झाकण उघडून सोल्डरिंग गन टेकवली की मासळीसारखा वास येतो, तो आला की समजायचं काम वाढलं. कपॅसिटर बदलल्याशिवाय आम्ही हे मशीन देत नाही, महाग वाटतं ते त्याच्यामुळे. आणि हो, पुढचं बटण दाबलं म्हणजे पॉवर सप्लाय पूर्ण बंद झाला असं नाही, मेन स्विच मागे आहे.

त्यापेक्षा एमएसएक्स२ घ्या. एमएसएक्स हे एका कंपनीचं मशीन नाही, १९८३ साली ठरलेलं स्टँडर्ड आहे आणि एमएसएक्स२ ही त्याची पुढची आवृत्ती, त्यामुळे सोनीवर चालणारं कार्ट्रिज (गेमची खोचायची डबी) पॅनासॉनिकवरही चालतं. कोनामीचा मेटल गिअर गेम १९८७ मध्ये पहिल्यांदा आला तो ह्याच्यावरच, आणि जपानी वाचता आलं नाही तरी पहारेकऱ्याची पाठ फिरली की सटकायचं एवढं कुणालाही कळतं. कार्ट्रिज मात्र मशीन बंद करूनच घाला आणि काढा, चालू असताना ओढलं तर वॉरंटी विसरा.

एनईसीच्या पीसी-९८०१ वर गेम ढिगाने आहेत, पण पानंच्या पानं जपानी मजकूर, आणि त्याचा २४ किलोहर्ट्झचा व्हिडिओ सिग्नल साधा टीव्ही घेत नाही.

फ्लॉपी चालत नाही म्हणून फोन येतात. पॅनासॉनिकच्या बऱ्याच मशीनच्या ड्राइव्हमध्ये रबरी बेल्ट असतो, तो जुना झाला की डांबरासारखा चिकट होतो, बोटाला लागला की लवकर निघत नाही, नवा बेल्ट आम्ही बसवून देतो. दुसरं कारण बुरशी. मोठ्या फ्लॉपीचं मधलं भोक बोटाने हळू फिरवा आणि खिडकीतून चकतीकडे उजेडात बघा, पांढरट ठिपके दिसले तर ड्राइव्हमध्ये अजिबात घालू नका, कारण फ्लॉपी वाचणारा हेड खराब होतो आणि मग पुढची चांगली फ्लॉपीपण तोच खातो. पावसाळ्यात फ्लॉपी घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. ठिपकेवाल्या फ्लॉपी आमच्या दुकानात घेऊन या, पण वेगळ्या पिशवीत.