कूलिंग टॉवरमधले पाणी नेमके कशासाठी खर्च होते?

मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी चंद्रपुरात तापमान ४५ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के आहे, तर त्याच वेळी मुंबईत तापमान ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के आहे, असे समजू. अंगाला चटके देणारी हवा चंद्रपूरची असली तरी कारखान्यातले गरम पाणी थंड करण्यासाठी तीच अधिक सोयीची आहे. ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक वाऱ्यात धरला, की बाष्पीभवनामुळे त्याचा पारा उतरतो आणि एका ठिकाणी स्थिरावतो. या आकड्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. चंद्रपूरच्या त्या दुपारी ते सुमारे साडेतेवीस अंश भरेल, तर मुंबईत अठ्ठावीसच्या आसपास. नेहमीच्या रचनेचा कूलिंग टॉवर, म्हणजे गरम पाणी हवेच्या झोतात थंड करणारा मनोरा, पाण्याला या तापमानाखाली नेऊ शकत नाही आणि व्यवहारात तो त्याच्या चार-पाच अंश वरच थांबतो. विदर्भात घरोघरी चालणारा कूलर मुंबईत फारसा उपयोगी का पडत नाही, याचे कारणही हेच आहे.

हा मनोरा औष्णिक वीजकेंद्रात सर्वांत ठळकपणे दिसतो. कोळशातून निघालेल्या उष्णतेपैकी साधारण ३५ ते ४० टक्के भागाचीच वीज होते. उरलेल्यापैकी काही भाग धुराड्यातून जातो, पण मोठा वाटा टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेत असतो आणि ती वाफ पुन्हा पाणी व्हावी म्हणून कंडेन्सरमध्ये तो काढून घ्यावा लागतो. पाचशे मेगावॉटच्या संचात ही उष्णता ढोबळमानाने सहाशे मेगावॉट असते. ती उचलणारे पाणी दहा अंशांनी तापू द्यायचे ठरवले, तर सेकंदाला सुमारे चौदा हजार लिटर पाणी कंडेन्सरच्या नळ्यांतून फिरवावे लागते. एवढे पाणी दर सेकंदाला नदीतून घेऊन तापलेले परत सोडणे बहुतेक ठिकाणी शक्य नसते, म्हणून तेच पाणी मनोऱ्यात थंड करून पुन्हा वापरले जाते.

मनोऱ्यात वरून पाणी शिंपडले जाते. ते ‘फिल’ नावाच्या भरणावर, म्हणजे पीव्हीसीच्या नागमोडी पत्र्यांवर किंवा आडव्या पट्ट्यांवर, पसरत खाली येते आणि हवा खालून वर जाते. कोरड्या हवेला लागून असलेल्या पाण्याच्या पातळ थरातून दोन गोष्टी एकाच वेळी निघतात. पाणी हवेपेक्षा गरम असेल तर सरळ उष्णता हवेत जाते, आणि त्यासोबत वाफेच्या रूपाने पाण्याचे रेणूही जातात. दुसरी वाट अधिक प्रभावी आहे. एक किलो पाण्याचे तापमान एक अंशाने उतरवायला ४.१८ किलोज्यूल उष्णता काढावी लागते, तर एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल अप्रकट उष्मा निघून जातो. म्हणून शंभर लिटरपैकी एक लिटर उडाले, की उरलेले नव्याण्णव लिटर जवळजवळ सहा अंशांनी थंड होते.

चंद्रपूरच्या दुपारी या दोन वाटा एकमेकींच्या विरुद्धही चालतात. मनोऱ्याच्या तळाशी पाणी तीस अंशांवर आलेले असते आणि आत शिरणारी हवा ४५ अंशांची असते. तिथे हवेतली उष्णता पाण्यात शिरते, तरीही पाणी थंड होतच राहते, कारण बाष्पीभवन त्याहून अधिक उष्णता बाहेर नेत असते. उष्णता नेहमी गरमाकडून थंडाकडे जाते हा नियम इथे मोडत नाही. उष्णता नेणारे रेणू मात्र तापमानातल्या फरकाकडे पाहत नाहीत, ते बाष्पदाबातल्या, म्हणजे वाफेच्या दाबातल्या, फरकाच्या दिशेने जातात.

दोन वेगळ्या प्रेरणांनी चालणाऱ्या या दोन प्रवाहांचा हिशेब एकत्र कसा मांडायचा, हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अभियंत्यांपुढचा खरा पेच होता. १९२२ साली अमेरिकेतील एमआयटी (मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) या संस्थेचे वॉरन लुईस यांनी दाखवले, की हवेतून उष्णता वाहण्याचा गुणांक आणि वाफ वाहण्याचा गुणांक यांच्यात एक सरळ नाते आहे आणि हवा-पाण्याच्या जोडीत या दोहोंचे गुणोत्तर हवेच्या विशिष्ट उष्म्याच्या, म्हणजे एक किलो हवा एक अंशाने तापवायला लागणाऱ्या उष्णतेच्या, जवळपास येते. त्यामागचे कारण रेणूंच्या पातळीवर आहे. साध्या तापमानाच्या हवेत उष्णतेच्या विसरणाचा (पसरण्याचा) गुणांक सेकंदाला सुमारे ०.२२ चौरस सेंटीमीटर आहे आणि वाफेचा सुमारे ०.२५. इतके जवळचे आकडे ही या एका जोडीची देणगी आहे. हवेत टोल्युइनसारखे जड द्रव बाष्प होत असतील तर ही जवळीक राहत नाही आणि त्यांचा हिशेब वेगळा करावा लागतो.

या देणगीचा उपयोग १९२५ साली जर्मनीतील फ्रिडरिख मेर्केल यांनी करून घेतला. तापमानाचा फरक आणि बाष्पाचा फरक वेगवेगळा धरण्याऐवजी त्यांनी आर्द्र हवेची एन्थाल्पी, म्हणजे तिच्यातली प्रकट आणि अप्रकट मिळून एकूण उष्णता, हीच एकमेव प्रेरणा मानली. पाण्याला चिकटलेल्या संपृक्त, म्हणजे आणखी बाष्प मावणार नाही अशा, हवेची एन्थाल्पी आणि बाहेरच्या हवेची एन्थाल्पी यांतला फरक जितका मोठा, तितके पाणी वेगाने थंड होते. दोन जोडलेल्या समीकरणांचे एकच समीकरण झाले आणि तेही कागद-पेन्सिलीने सोडवता येईल असे. शास्त्रातल्या सुलभीकरणांमध्ये इतके टिकाऊ आणि इतके उपकारक उदाहरण क्वचितच सापडते, असे मला वाटते. शंभर वर्षांनंतरही टॉवरची क्षमता ‘मेर्केल संख्ये’तच सांगितली जाते आणि फिलचा नवा नमुना तयार झाला, की प्रयोगशाळेतल्या लहान मनोऱ्यावर पाण्याचे व हवेचे प्रमाण बदलत तीच संख्या मोजली जाते.

सुलभीकरणाची किंमतही मोजावी लागते. उडून गेलेल्या पाण्यामुळे खाली येणारे पाणी कमी होते, याकडे मेर्केल यांनी दुर्लक्ष केले होते आणि बाहेर पडणारी हवा नेमकी संपृक्त असते असे गृहीत धरले जाई. पाण्याचे बाहेर पडतानाचे तापमान काढायला हे चालते. पण किती पाणी उडाले हेच विचारायचे असेल, तर उत्तर पुरेसे विश्वासार्ह राहत नाही. म्हणून पुढे जर्मनीत पोप्पे यांनी पाण्याचा आणि बाष्पाचा तोल न वगळता समीकरणे मांडली आणि दक्षिण आफ्रिकेतील स्टेलनबॉश विद्यापीठात क्लॉपर्स व क्रोगर यांनी दोन्ही पद्धती बारकाईने ताडून पाहिल्या. दोन्ही पद्धतींनी पाण्याचे तापमान जवळजवळ सारखे येते, फरक पडतो तो बाष्पीभवनाच्या आकड्यात आणि विशेषतः कोरड्या, तप्त हवेत.

आणि आज महत्त्वाचा आकडा तोच आहे. पाचशे मेगावॉटच्या संचात सेकंदाला साधारण दोनशे लिटर, म्हणजे दिवसाला पावणेदोन कोटी लिटरच्या जवळपास पाणी वाफ होऊन जाते. त्यावर आणखी भर पडते, कारण वाफ शुद्ध असते आणि क्षार मागे राहतात. ते नळ्यांवर साचू नयेत म्हणून काही दाट पाणी सतत काढून टाकावे लागते. क्षार मूळ पाण्याच्या पाचपट होऊ दिले, तर उडालेल्या पाण्याच्या चौथ्या हिश्शाइतके पाणी असे सोडावे लागते. फेब्रुवारी २०१३ मध्ये मराठवाड्यात दुष्काळ असताना परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या केंद्रांसाठी दर मेगावॉट-तासाला ३.५ घनमीटर अशी पाण्याची मर्यादा घातली. हा नियम आवश्यकच होता. मात्र त्याचा अर्थ लावताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मनोऱ्यातून वाफ होऊन जाणारे पाणी ही गळती नव्हे, ते जाते म्हणूनच उरलेले पाणी थंड होते. गळती बुजवता येते. इथे मात्र उष्णतेला दुसरी वाट द्यावी लागते.

दुसरी वाट म्हणजे कोरडे शीतकरण. त्यात वाफ पंखे लावलेल्या नळ्यांतून जाते आणि बाहेरची हवाच तिला थंड करते. दक्षिण आफ्रिकेतील माटिम्बा केंद्रात हे मोठ्या प्रमाणावर झाले आहे आणि भारतात झारखंडमधील एनटीपीसीच्या उत्तर करणपुरा केंद्रातील ६६० मेगावॉटचे तीन संच याच पद्धतीचे आहेत. पाण्याची बचत मोठी आहे, पण वेट बल्बचा फायदा जातो. चंद्रपूरच्या दुपारी आता मर्यादा साडेतेवीस अंशांची नसते, ती ४५ अंशांची होते. त्यामुळे कंडेन्सरमधले तापमान आणि दाब वाढतात, टर्बाइनला मिळणारे काम कमी होते आणि तेवढ्याच विजेसाठी अधिक कोळसा जाळावा लागतो. विजेची मागणी सर्वाधिक असते त्याच तासांत हे घडते.

बाहेर पडणारे पाणी पकडण्याचाही प्रयत्न चालू आहे. मनोऱ्यावर दिसणारा पांढरा लोट धूर नसून वाफेतून पुन्हा झालेल्या सूक्ष्म थेंबांचे धुके असते. साध्या जाळीने ते पकडता येत नाही, कारण थेंब हवेबरोबर वळून तारेच्या बाजूने निघून जातात. एमआयटीतील माहेर दमक आणि कृपा वाराणसी यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या थेंबांना आयनांनी विद्युतभारित केले आणि विद्युतक्षेत्राने जाळीकडे ओढून घेतले. कल्पना सुंदर आहे आणि मिळणारे पाणी जवळजवळ क्षारमुक्त असते. तरी महाराष्ट्रासाठी तिची मर्यादा स्पष्ट आहे. धुके तयार होते ते बाहेरची हवा थंड किंवा दमट असताना. मे महिन्यातल्या तप्त, कोरड्या हवेत वाफ अदृश्यच राहते आणि पकडायला थेंबच नसतात. पाण्याची चणचण सर्वांत तीव्र असते तेव्हा हा उपाय सर्वांत कमी उपयोगी पडतो.

कोरड्या प्रदेशाला अधिक साजेसे काम ‘दवबिंदू शीतकरणा’वर चालू आहे. त्यात हवा पाण्याजवळ येण्यापूर्वीच, ओलावा न घेता, शेजारच्या ओल्या मार्गिकेच्या भिंतीतून थंड केली जाते. मग मर्यादा वेट बल्बची राहत नाही, ती दवबिंदूची, म्हणजे हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते त्या तापमानाची, होते. चंद्रपूरच्या उदाहरणात ती सुमारे साडेबारा अंशांपर्यंत खाली जाते. अडचण आहे ती पृष्ठभागाची. भिंतींचे क्षेत्रफळ पुष्कळ लागते, म्हणून मार्गिका अरुंद ठेवाव्या लागतात. इतक्या अरुंद मार्गिकांतून हवा ढकलायला पंख्यांची शक्ती वाढते आणि वीजकेंद्राच्या आकाराला हे अजून परवडत नाही. लहान वातानुकूलन यंत्रांत ही पद्धत वापरात आहे.

दरम्यान, पाणी कोणते वापरायचे हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा झाला आहे. नागपुरात भांडेवाडीला शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या केंद्राला दिले जाते, हे मला या सगळ्यातले सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते. पण अशा पाण्यात सेंद्रिय अंश आणि फॉस्फेट अधिक असतात, फिलच्या दाट नागमोडी पत्र्यांवर शेवाळासारखा थर धरतो, मार्गिका बुजतात आणि मेर्केल संख्या घसरते. मोकळ्या पट्ट्यांचे फिल बुजत नाही, पण त्यात पाणी आणि हवा यांचा स्पर्श कमी होतो, म्हणून तेवढ्याच कामाला मनोरा मोठा लागतो. बुजणार नाही इतके मोकळे आणि तरीही पाणी पातळ पसरवील असे फिल कसे घडवावे, हा प्रश्न आज या क्षेत्रातल्या प्रयोगशाळांमध्ये अभ्यासला जात आहे.