दगडाच्या भुकटीने खताची गरज संपते का?

'काळ्या दगडाची भुकटी कुंडीत मिसळा, सगळी खनिजं मिळतात, मग खत नको' असा निरोप बागप्रेमींमध्ये वर्षानुवर्षं फिरतो आहे.

त्यात थोडं तथ्य आहे. हा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह असतं, थोडं पालाशही (पोटॅशियम). पण झाडाला भरपूर लागणारं नत्र (नायट्रोजन) त्यात जवळपास नसतंच. ते शेणखत, कंपोस्ट किंवा पेंडीतून येतं. शिवाय दगडातली खनिजं फार हळू सुटतात, महिन्याभरात मेथीला ती पुरणार नाहीत. आणि देशावरची काळी माती मुळात बेसाल्ट झिजूनच बनलेली! तिच्यात पुन्हा तेच घालून फारसं काही हाती लागत नाही.

रॉक फॉस्फेटचं, म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) असलेल्या दगडाच्या भुकटीचं, थोडं वेगळं आहे. ते आम्लधर्मी मातीत विरघळतं, म्हणून कोकणच्या जांभ्या मातीत कामाला येतं. चुनखडीच्या मातीत मात्र बरंचसं तसंच पडून राहतं.

आपली माती कशी आहे? सुक्या ढेकळावर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसलं तर चुनखडी आहे, वरून चुना किंवा अंड्याची टरफलं नकोत. नाही फसफसलं म्हणून माती आम्लधर्मीच असं नाही. सामू (pH), म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते, कळायला माती परीक्षणच हवं.

भुकटीची परीक्षा घरीही होते. साध्या मातीच्या दोन कुंड्या घ्या, एकीत फक्त भुकटी, दुसरीत फक्त कंपोस्ट. दोन्हींत मेथी पेरा, पाणी सारखंच द्या आणि पानांचा रंग बघा. भुकटी मिसळताना तेवढी ओली करून घ्या, ती धूळ छातीला वाईट.