हिरवळीखालची काळी माती आणि हवेची वाट

उन्हाळ्यात सोलापूरच्या आसपासच्या काळ्या रानात ज्या भेगा पडतात, त्यांत हात सहज आत जातो. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट गटातील चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. तिच्या सूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ती फुगते आणि ओल गेली की आक्रसते. भेगांतून हवा खोलवर पोहोचते, वरची भुसभुशीत माती त्यांत घरंगळते आणि पावसात माती फुगली की खालचा थर वर रेटला जातो. अशी ही जमीन बऱ्याच अंशी स्वतःच स्वतःची मशागत करते. रब्बी ज्वारी घेणारा शेतकरी मात्र कोळपणी करून, म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती कोळप्याने वरवर हलवून, याच भेगा बुजवतो, कारण त्याला हवेपेक्षा ओलीची चिंता अधिक असते.

बंगल्यापुढच्या किंवा मंगल कार्यालयाच्या लॉनमध्ये या मातीला तडकण्याची संधीच मिळत नाही. वरचेवर पाणी दिल्याने ती पुरेशी वाळत नाही, गवत कायमचे असल्याने तिच्यात कोळपे घालता येत नाही आणि वरून माणसांची वर्दळ चालूच राहते. लग्नसराईत ओल्या लॉनवर मांडव, खुर्च्या आणि शेकडो पावलांचा भार पडतो. काळी माती ओली असताना सर्वांत सहज दबते, त्यामुळे संध्याकाळच्या समारंभासाठी सकाळी लॉनला भरपूर पाणी देणे हा घट्टपणा वाढवण्याचा खात्रीचा उपाय आहे.

दबलेल्या मातीत नेमके काय बिघडते? चांगल्या मातीच्या एकूण आकारमानाचा साधारण निम्मा भाग पोकळ्यांचा असतो आणि त्यांत पाणी व हवा दोन्ही असतात. दाब पडला की आधी मोठ्या पोकळ्या मिटतात, म्हणजे ज्यांतून पाणी निचरून हवा आत येते त्याच नाहीशा होतात. उरलेल्या बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात. मुळे रात्रंदिवस श्वसन करतात आणि त्यांना लागणारा ऑक्सिजन पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे 10,000 पट सावकाश पसरतो. मातीतील हवेचा वाटा आकारमानाच्या सुमारे 10 टक्क्यांखाली गेला की बहुतेक वनस्पतींच्या मुळांची वाढ खुंटू लागते. मग मुळे वरच्या काही सेंटिमीटरांतच राहतात, 40 अंशांपुढच्या उन्हात तो थर झपाट्याने सुकतो आणि गवत पिवळे पडते. मालक आणखी पाणी सोडतो, त्याने हवा आणखी कमी होते. जिथे नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, तिथे पाण्याच्या दिवशी लॉन तुडुंब भरण्याकडेही कल असतो. शिवाय ऑक्सिजन संपलेल्या मातीतील काही जिवाणू युरियापासून मातीत तयार झालेल्या नायट्रेटचाच श्वसनासाठी वापर करतात आणि त्यातील नायट्रोजन वायुरूपाने निघून जातो; म्हणजे टाकलेल्या युरियाचा काही भाग गवताला मिळतच नाही.

माती घट्ट झाली आहे की नाही, हे पाहण्यासाठी ओलसर लॉनमध्ये लांब स्क्रू-ड्रायव्हर हाताने दाबून पाहावा. तो बोटभरही जात नसेल तर भोके पाडण्याची वेळ झाली आहे. भोके दोन प्रकारे पाडता येतात. टोकदार खिळ्याने किंवा दातेरी अवजाराने पाडलेल्या भोकात माती बाहेर निघत नाही, ती फक्त कडेला सरकते, त्यामुळे चिकण मातीत भोकाच्या भिंती अधिकच दाबल्या जातात. तळव्याला खिळे लावलेली पादत्राणे घालून लॉनवर फिरणे या कारणाने जवळजवळ निरुपयोगी ठरते. पोकळ नळीच्या अवजाराने मातीची गुल्लीच बाहेर काढणे काळ्या मातीसाठी कितीतरी चांगले. 1 ते 2 सेंटिमीटर व्यासाची आणि 5 ते 10 सेंटिमीटर खोल भोके एकमेकांपासून साधारण 5 ते 10 सेंटिमीटर अंतरावर असावीत.

हे काम वाफशावरच, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली असताना, करावे. चिखलात नळी भोकाच्या कडा लिंपून टाकते आणि वाळलेल्या काळ्या मातीत ती घुसतच नाही. हरळी आणि तिच्यासारखी उष्ण हवेत फोफावणारी गवते पावसाळ्यात जोमाने वाढतात, त्यामुळे लग्नसराई सरल्यावर जून-जुलैत दोन पावसांमधली उघडीप यासाठी उत्तम असते. हरळीची जमिनीलगत धावणारी खोडे ही भोके लवकरच झाकून टाकतात. भर उन्हाळ्यात मात्र उघडी पडलेली मुळे सुकतात.

बाहेर आलेल्या गुल्ल्या वाळल्यावर फोडून पसराव्यात आणि भोकांत जाड वाळू व चाळलेले, पूर्ण कुजलेले शेणखत झाडूने लोटावे. न कुजलेले शेणखत तणांचे बी आणते. भोके न पाडता सगळ्या लॉनवर वाळूचा जाड थर अंथरण्याने मात्र काहीच साधत नाही, कारण खालची चिकण माती तशीच राहते आणि पाणी तिच्यावरच थबकते. भोके पाडल्यानंतर निदान काही आठवडे लॉनवर रोलर फिरवू नये. आपल्याकडे तो गरजेपेक्षा फार जास्त फिरवला जातो.