अग्निरोधक की उष्णतारोधक? सिरॅमिक ग्रिलखालचा घोळ

"लाकडी टेबलावर ग्रॅनाइट टाकलंय, आता काळजी नाही." अंगणातल्या स्वयंपाकघरात सिरॅमिक ग्रिल, म्हणजे जाड सिरॅमिकच्या भिंतींची, झाकणाची कोळशाची भट्टी, बसवायचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी टाकतंच, आणि बाकीचे माना डोलावतात. ग्रॅनाइट जळत नाही, कबूल. पण प्रश्न ग्रॅनाइटचा नाहीच, त्याच्या खाली दडलेल्या लाकडाचा आहे.

अग्निरोधक म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असतं. दगड, वीट, काँक्रीट, पत्रा यांवर निखारा पडला तरी ते पेट घेत नाहीत. एवढंच. यावर आणखी शब्द खर्चायची गरज नाही.

उष्णतारोधक ही वेगळी गोष्ट. तिथे वस्तू स्वतः जळते की नाही हा मुद्दाच नसतो. एका बाजूची उष्णता ती दुसऱ्या बाजूला किती पोहोचू देते, एवढाच सवाल. भर उन्हातली फरशी पेटत नाही, पण अनवाणी पायाला चटका बसल्याशिवाय राहत नाही. थर्मोकोल उष्णता छान अडवतो आणि आग लागली की भसाभस जळतो. दोन्ही गुण एकाच वस्तूत असतीलच असं नाही, आणि दुकानातल्या वेष्टनावर 'अग्निरोधक' हा एकच शब्द मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. ग्रिलखाली घालायच्या चटयांचंही तेच. उडालेली ठिणगी झेलायला त्या उत्तम. त्यांच्या भरवशावर ग्रिल थेट लाकडावर ठेवणं हा शुद्ध वेडेपणा.

आता आकडे बघा. उष्णतावाहकता वॉट प्रति मीटर-केल्विनमध्ये मोजतात. स्थिर हवेची साधारण 0.025, लाकडाची 0.15च्या आसपास, ग्रॅनाइटची 2 ते 3 आणि साध्या पोलादाची 50च्या घरात. म्हणजे ज्या लाकडाला वाचवायला आपण ग्रॅनाइट घातलं, ते लाकूडच ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी पटींनी चांगलं उष्णतारोधक आहे! आणि नेमकं हेच अंगाशी येतं. दगडातून उतरलेली उष्णता लाकूड खाली जाऊ देत नाही, ती त्याच्या वरच्या पृष्ठभागावर साचते. लाकडाचा तो थर हळूहळू जवळजवळ दगडाइतकाच तापतो, आणि दगडाने झाकलेला असल्यामुळे तुम्हाला दिसतही नाही.

"पण माझी लादी चांगली दोन इंच जाड आहे." जाडीने उशीर होतो, अटकाव होत नाही. पाच सेंटिमीटर ग्रॅनाइट ओलांडायला उष्णतेला तासभरसुद्धा पुरतो. झटपट भाजून ग्रिल बंद केलात तर हा उशीर तुमच्या कामी येतो. पण सिरॅमिक ग्रिल लोक घेतात तोच मुळी मंद आचेवर 110-120 अंश सेल्सिअसला दहा-बारा तास रांधण्यासाठी, नाहीतर हवेचे झरोके उघडून 350 अंशांच्या वर नेण्यासाठी. लाकूड चटकन पेटायला 250 अंशांच्या पुढचं तापमान लागतं हे खरं, पण त्याहून बऱ्याच कमी तापमानात ते वारंवार, तासन्‌तास तापत राहिलं तर सुकतं, तपकिरी पडतं, कोळपतं; आणि कोळपलेलं लाकूड ताज्या लाकडापेक्षा लवकर पेट घेतं. म्हणूनच, पहिल्या दहा वेळा काही झालं नाही, हा पुरावा कुचकामी.

मग लाकूड वाचवतं कोण? मोकळी, खेळती हवा; ती उष्णता सोबत घेऊन निघून जाते. घरातल्या लाकूडफाट्याच्या शेगड्यांसाठी अमेरिकेत एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेचं 'एनएफपीए 211' नावाचं मानक आहे. त्यात शेगडी आणि पेट घेऊ शकणारी भिंत यांच्यात मुळात 36 इंच अंतर सांगितलंय. मध्ये साडेतीन इंच जाडीची विटांची भिंत हवेची पोकळी न ठेवता घातली तर ते 24 इंचांवर आणता येतं. त्याऐवजी जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीचा पत्रा भिंतीपासून एक इंच सुटा, खालून-वरून हवा खेळेल असा लावला तर 12 इंचांवर. हे आकडे भिंतीचे आहेत, ग्रिलखाली जसेच्या तसे लावायचे नाहीत. पण भरीव विटेपेक्षा पत्रा आणि खेळती हवा सरस ठरते, ती का, हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

ग्रिलसोबत येणारे ते तीन सिरॅमिकचे पाय म्हणूनच शोभेचे नाहीत. टेबलात ग्रिल बसवताना उत्पादक काँक्रीटची लादी आणि पाय दोन्ही घालायला सांगतात, ते उगाच नाही: लादी खालच्या झरोक्यातून पडणारे निखारे झेलते आणि वजन पसरवते, पाय बुडाखाली हवा खेळती ठेवतात. "लादी आहे की, पाय कशाला?" म्हणणारे पाय खोक्यातच ठेवतात. त्याहून वाईट म्हणजे ती फट वाळूने किंवा सिमेंटने नीटनेटकी बुजवणारे. दिसायला छान, कामाला शून्य. खालचा थर अग्निरोधक आणि उष्णतारोधक दोन्ही हवाच असेल तर कॅल्शियम सिलिकेट बोर्ड घाला, पाय तरीही काढू नका.

हाच घोळ बांधीव ओट्यातही सापडतो. बाहेरून दगडी फरशी चिकटवलेली, आत लाकडी सांगाडा. अशा ओट्याला दगडी म्हणू नये. माझं मत विचाराल तर सांगाडा सरळ धातूचा किंवा विटांचा करा. लाकूड वाचवण्याची कसरत हवीच कशाला? कडेची फट, मागे झाकणाच्या बिजागरीला लागणारी जागा, ही मापं ग्रिलच्या पुस्तिकेत असतात, तीच पाळा. खालचा झरोका कोंडू नका. डोक्यावर लाकडी मांडव किंवा कापडी छत नको, आणि कोळसा पेटवायचा तो उघड्यावरच.

आपल्या टेबलाचं लाकूड खरंच वाचतंय का याची शंका असेल तर लादीखालच्या लाकडाचं तापमान मोजा. पहिल्या तासाला, चौथ्याला, आठव्याला. आच तीच असून आकडा चढतच राहिला तर ओळखा की दगड फक्त वेळ काढतोय. झरोके बंद केल्यावरही मोजायला विसरू नका, कारण जाड दगड आग विझल्यानंतरही बराच वेळ साठवलेली उष्णता खाली सोडत राहतो. मी तर झाकपाक करून हात धुतल्यावर तासाभराने पुन्हा एकदा टेबलाखाली वाकून बघतोच.