गरोदरपणातली काळजी आणि मोबाइल फोन

गरोदर बाईला वेळेवर माहिती मिळावी, तपासणीची तारीख लक्षात राहावी आणि काही बिनसलं तर लगेच विचारायला कुणीतरी असावं म्हणून मोबाइल वापरायची जी पद्धत गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगभर रुजली, तिच्याबद्दलची ही नोंद. आरोग्याच्या कामातली मंडळी याला एमहेल्थ म्हणतात. तो शब्द खरं तर बराच मोठा आहे, टीबीच्या गोळ्यांपासून लसीकरणापर्यंत सगळं त्यात येतं, पण ज्या विषयांवर सगळ्यात जास्त प्रयोग झाले त्यात गरोदरपण अगदी वरती आहे. यात साधे एसेमेस येतात, रेकॉर्ड केलेले कॉल येतात, व्हॉट्सॲप आणि वेगवेगळी ॲप येतात, आणि घरोघर फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्तीच्या हातातला फोनसुद्धा येतो, ज्याच्याकडे बाईचं कदाचित लक्षही जात नाही पण माझ्या मते खरं काम बऱ्याचदा तोच करतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात गरोदरपण आणि बाळंतपणाच्या कारणांनी जगात साधारण २,८७,००० बायका गेल्या, म्हणजे रोज जवळपास ८००, आणि त्यातल्या ९५ टक्के गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या. कारणं तीच ती असतात, बाळंतपणात किंवा नंतर रक्त जात राहणं, बीपी वाढून झटके येणं, जंतुसंसर्ग, अडलेलं बाळंतपण, असुरक्षित गर्भपात. यातली बहुतेक टाळता येतात, फक्त वेळ हातातून जायला नको.

वेळ नेमकी कुठे जाते हे समजून घ्यायला १९९४ मध्ये थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासकांनी मांडलेली 'तीन उशीर' ही कल्पना आजही वापरतात. पहिला उशीर दवाखान्यात जायचं ठरवण्यात होतो, दुसरा तिथवर पोचण्यात, आणि तिसरा पोचल्यावर उपचार सुरू होण्यात. मोबाइलकडून काय अपेक्षा ठेवायची ते या तीन उशिरांवरून बरंच स्पष्ट होतं. पहिल्या उशिरावर फोन चांगला चालतो, दुसऱ्यावर बरा चालतो (गाडी बोलावता येते, रस्ता बांधता येत नाही), आणि तिसऱ्यावर जवळजवळ चालतच नाही, कारण रक्ताची पिशवी आणि भूल देणारा डॉक्टर फोनमधून येत नाहीत. या विषयातली जी काही यशं-अपयशं पुढे दिसतात ती बहुतेक या एका गोष्टीत बसतात.

मेसेज कसे ठरतात

सगळा खेळ एका तारखेवर असतो, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसावर. त्यात २८० दिवस म्हणजे ४० आठवडे मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख निघते, आणि मग कितवा आठवडा चालू आहे ते बघून कॉम्प्युटर आपोआप त्या आठवड्याचा मेसेज सोडतो. सुरुवातीला लवकर नाव नोंदवा आणि फॉलिक ॲसिड घ्या, मग लोहाच्या गोळ्या आणि धनुर्वाताचं इंजेक्शन, मग बाळाची हालचाल, शेवटी कळा कशा ओळखायच्या आणि कुठे जायचं. २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटना सांगते की पूर्ण गरोदरपणात किमान ८ वेळा तपासणी व्हावी, पहिली १२ आठवड्यांच्या आत, त्याआधी ४ वेळा म्हणायचे. आठ तारखा लक्षात ठेवायच्या, त्याही घरातलं सगळं सांभाळून, म्हणजे आठवण करून देणारं कुणीतरी हवंच. पण पाळीची तारीखच चुकीची सांगितली गेली, आणि असं खूप वेळा होतं, तर सहाव्या महिन्यातल्या बाईला चौथ्या महिन्याचे मेसेज येत राहतात, आणि एकदा तिला वाटलं की 'हे माझ्यासाठी नाहीये' की ती पुढचे वाचत नाही.

एक बारकी पण महत्त्वाची अडचण लिपीची. इंग्रजी अक्षरांत एका एसेमेसमध्ये १६० खुणा बसतात, देवनागरीसारख्या लिप्यांत फक्त ७०, आणि काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण हे सगळं वेगळं वेगळं मोजलं जातं. आता हे वाक्य बघा: 'डोकं खूप दुखत असेल, डोळ्यापुढे अंधारी येत असेल तर लगेच दवाखान्यात जा.' मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं धरून मोजलं तर ६९ होतात. बीपी वाढल्याची सगळ्यात महत्त्वाची लक्षणं सांगितली आणि एसेमेस संपला, कुठल्या नंबरवर फोन करायचा ते लिहायला जागाच नाही. लांब मेसेज जातो, पण तो तुकडे करून जातो, प्रत्येक तुकड्याचे पैसे पडतात, आणि लाखो बायकांना दर आठवड्याला पाठवायचं म्हटलं की तो आकडा फुगतो. म्हणून असे मेसेज लिहिणाऱ्यांना एकेका शब्दाशी झगडावं लागतं.

वाचता न येणाऱ्या बायकांसाठी आवाज हाच मार्ग. भारतातला 'किलकारी' हा कार्यक्रम बीबीसी मीडिया ॲक्शनने २०१३ मध्ये बिहारमध्ये सुरू केला आणि २०१६ पासून केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने तो इतर राज्यांत नेला. चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक असे ७२ कॉल येतात, आणि बोलते 'डॉक्टर अनिता' नावाची एक काल्पनिक डॉक्टर. आवाजाला चेहरा नसला तरी नाव असलं की लोक ऐकतात. मुंबईची अरमान ही संस्था, जी डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये सुरू केली, 'एममित्र' चालवते. त्यात बाईने स्वतः सांगितलेल्या वेळेला कॉल येतो, आणि तो चुकला तर मिस्ड कॉल देऊन परत मागवता येतो. हे ऐकायला साधं वाटतं पण ज्या घरात फोन संध्याकाळीच बाईच्या हातात येतो तिथे वेळ निवडता येणं हीच मोठी गोष्ट. कोण कॉल ऐकणं बंद करेल याचा अंदाज बांधून नेमक्या त्याच बायकांना माणसाने फोन करायचा, असाही प्रयोग या संस्थेने गूगलच्या संशोधकांबरोबर केलाय.

दक्षिण आफ्रिकेचा 'मॉमकनेक्ट' मात्र थोडा सविस्तर सांगावासा वाटतो. ऑगस्ट २०१४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य खात्याने तो सुरू केला. दवाखान्यात पहिल्या तपासणीला आलेल्या बाईची तिथेच नोंदणी होते, अगदी बटणांच्या साध्या फोनवरून, स्टार-हॅशचा कोड डायल करून, इंटरनेट लागत नाही, बाईला खर्च नाही, आणि मेसेज त्यावेळच्या सर्व ११ अधिकृत भाषांत. २०१७ पासून व्हॉट्सॲपही आलं. पण खरी गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे बाई उलट मेसेज करू शकते, प्रश्न विचारू शकते आणि तक्रारही करू शकते, की गोळ्या संपल्यात, की नर्स नीट बोलली नाही, आणि ती तक्रार खात्याकडे जाते. वर म्हटलं की तिसऱ्या उशिरावर फोन चालत नाही, तर त्याला हात लावायचा हा एक रस्ता आहे, उपचार फोनमधून येत नाहीत पण उपचार मिळाले नाहीत ही बातमी वरपर्यंत जाते.

बाकी बऱ्याच देशांनी आपापल्या परीने केलं. अमेरिकेत २०१० मध्ये 'टेक्स्टफॉरबेबी' आलं, आठवड्याला तीन फुकट एसेमेस. बांगलादेशात 'आपनजन', घानात 'मोटेक', मलावीत २०११ पासून 'चिपाताला चा पा फोनी' (म्हणजे दवाखाना फोनवर) नावाची हेल्पलाइन जिथे बाई स्वतः फोन करून प्रशिक्षित माणसाशी बोलते.

कार्यकर्तीच्या हातातला फोन

रवांडात २००९ मध्ये मुसांझे जिल्ह्यात 'रॅपिडएसेमेस' सुरू झालं आणि नंतर देशभर गेलं. गावातली कार्यकर्ती प्रत्येक गरोदर बाईची नोंद ठरलेल्या छोट्या कोडमध्ये एसेमेसने पाठवते. धोक्याचं लक्षण दिसलं, समजा रक्त जातंय, तर ती 'रेड अलर्ट' पाठवते, तो आरोग्य केंद्राला जातो, आणि काय करायचं त्याचं उत्तर तिला लगेच फोनवर येतं. यात बाईकडे फोन असायचीही गरज नाही. गुजरातमध्ये झगडियाच्या सेवा रूरल संस्थेने 'इमटेको' ॲप केलं, त्यात आशाताईला आज कुणाकुणाच्या घरी जायचं त्याची यादी सकाळीच मिळते आणि कुठलं लक्षण दिसलं तर काय करायचं तेही ॲप सांगतं.

बीपी आणि ऑक्सिजन मोजून धोका किती ते ॲपने सांगायचं असा मोठा प्रयोग, क्लिप नावाचा, भारतात (कर्नाटकात), पाकिस्तानात आणि मोझांबिकमध्ये झाला. २०२० मध्ये निकाल आले तेव्हा एकंदरीत आई-बाळाच्या मृत्यू आणि गंभीर आजारांत घट दिसली नाही, मात्र ज्या बायकांच्या घरी कार्यकर्ती जास्त वेळा गेली त्यांच्यात परिस्थिती बरी दिसली. मला यातून एवढंच कळतं की धोका ओळखणं आणि त्यावर उपचार मिळणं यांच्यामधलं अंतर ॲप भरून काढत नाही, माणसाची फेरी मात्र काहीशी काढते. ब्रिटनमध्येही घरी बीपी मोजून फोनवर कळवायची जी चाचणी झाली, तिच्या २०२२ च्या निकालात वाढलेलं बीपी लवकर पकडलं गेलं असं दिसलं नाही. बायकांना ते मोजणं जमलं, हेही खरंच.

मग फायदा होतो का

होतो, पण सरसकट नाही. झांझिबारमध्ये २००९-१० मध्ये २४ आरोग्य केंद्रांत 'वायर्ड मदर्स' नावाची चाचणी झाली, २५५० बायका होत्या. अर्ध्या केंद्रांतल्या बायकांना एसेमेस आणि दाईला किंवा नर्सला फोन करायला रिचार्ज व्हाउचर दिलं. त्यांच्यातल्या ४४ टक्के बायकांच्या चार किंवा जास्त तपासण्या झाल्या, बाकीच्यांत ३१ टक्के. प्रशिक्षित माणसाच्या हातून बाळंतपण ६० टक्के विरुद्ध ४७ टक्के. पण हा बाळंतपणातला फरक शहरातल्या बायकांत होता, खेड्यात नाही. परत तोच दुसरा उशीर, मेसेज खेड्यात पोचला, गाडी पोचली नाही. किलकारीची मध्य प्रदेशात चाचणी झाली तेव्हा गर्भनिरोधकांचा वापर थोडा वाढलेला दिसला, पण फक्त आईचं दूध पाजण्यात फरक पडला नाही. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा मेसेजना मान्यता दिली ती अटींवर, माहिती गुप्त राहिली पाहिजे आणि नाजूक विषयांची काळजी घेतली पाहिजे.

काय चुकतं

पहिली गोष्ट, फोन बऱ्याचदा बाईचा नसतोच. नंबर नवऱ्याचा दिलेला असतो, तो दिवसभर कामावर, आणि रेकॉर्डेड आवाज ऐकून जाहिरात समजून कापतो. सिम बदलतं, रिचार्ज संपतं, रेंज नसते. आणि फोन घरातल्या सगळ्यांच्या हातात फिरत असेल तर मेसेज कोण वाचेल सांगता येत नाही, जिने अजून घरात सांगितलंच नाही तिच्यासाठी हा मोठाच धोका आहे.

ॲपचं तर वेगळंच. २०२१ मध्ये 'फ्लो' या पाळी आणि गरोदरपणाच्या ॲपने लोकांची खाजगी माहिती फेसबुक आणि गूगलसारख्या कंपन्यांकडे दिल्याच्या आरोपावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी समझोता केला. फोनच्या माइकवर बाळाचे ठोके ऐकवतो म्हणणारी ॲपही आहेत, त्यांच्यावर कृपा करून विसंबू नका, आईच्याच नाडीचा किंवा पोटातला आवाज ऐकून 'बाळ ठीक आहे' असं वाटू शकतं आणि हालचाल कमी झालेली असताना दवाखान्यात जायला उशीर होतो. हालचाल कमी वाटली, रक्त गेलं, पाणी गेलं, डोळ्यापुढे अंधारी आली तर ॲप उघडायचं नसतं, जायचं असतं.

आणि एक गोष्ट जी आखणी करताना पटकन सुचत नाही. कधी गर्भ पडतो, कधी बाळ पोटातच जातं, आणि कॉम्प्युटरला ते माहीत नसतं. पुढच्या आठवड्यात त्या बाईच्या फोनवर मेसेज येतो की आता तुमचं बाळ एवढं एवढं झालंय, तुमचा आवाज त्याला ऐकू येतो. ती काय करेल? मॉमकनेक्टमध्ये यासाठी सोय ठेवलीय, बाळ गेल्याचं बाईने कळवलं की आठवड्याचे मेसेज थांबतात, आणि तिला हवं असेल तर त्यांच्या जागी तिच्या दुःखाशी बोलणारे, तिच्या तब्येतीचे थोडे मेसेज येतात.